बढतीचा पेपर आणि वॉरंटावरची तारीख

ग्वाल्हेर आणि इंदूरच्या जेलमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचे बढतीच्या परीक्षेबद्दलचे प्रश्न बरेच साठले आहेत. कुणाला मुख्य प्रहरी (हेड वॉर्डर) व्हायचंय, कुणाला सहायक अधीक्षक. पायरी वेगळी, घोळ तोच, म्हणून उत्तरं एकत्रच देतो. मी खात्यातून निवृत्त झालो आहे. पात्रता आणि अभ्यासक्रम यांबाबत खात्याचं ताजं परिपत्रकच प्रमाण माना.

ग्वाल्हेरच्या फुलबागेजवळचा एक क्लास ‘हमखास येणारे 500 प्रश्न’ विकतो. घेऊ का? (मुरार)

नको. असलंच एक गाईड एका मुलाने मला आणून दाखवलं. मुखपृष्ठावर ‘नवा अभ्यासक्रम’, आत दंड प्रक्रिया संहितेचं कलम 428, खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा करण्याचं. ती संहिता 1 जुलै 2024 ला गेली. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्ये आहे. मध्यप्रदेशाने 2024 मध्ये बंदीगृहांचा स्वतःचा कायदाही केला, त्याचा त्या पुस्तकात पत्ता नाही. जुन्या मालाला नवं कव्हर घालून गरजू माणसाचा पगार उकळायचा, याची मला चीड येते. मूळ कायदे सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

काका, 2016 पासून बढत्या अडकल्यात. सगळे म्हणतात अभ्यास करून उपयोग नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

‘सगळे म्हणतात’ हे सोडा. एप्रिल 2016 मध्ये उच्च न्यायालयाने बढतीतल्या आरक्षणाच्या तरतुदी रद्द केल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि याद्या थांबल्या. 2025 मध्ये सरकारने नवे नियम आणले, तेही कोर्टात पोचले. तुमच्या पदाला याचा नेमका किती अडसर आहे, ते स्थापना शाखेत लेखी विचारा. चहाच्या टपरीवर नाही. अभ्यास मात्र थांबवू नका.

कलम 479 ला किती मार्क असतात? आकडेमोड जमत नाही. ऑप्शनला टाकलं तर चालेल? (दौलतगंज)

नाही चालणार, आणि मार्कांसाठी म्हणून सांगत नाही.

आधी नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम समजून घ्या. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल आणि कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं. पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. साधी चोरी घ्या, कमाल 3 वर्षं. पूर्वी शिक्षा न झालेल्याचं 1 वर्षात भरतं, चोरी सोडून दुसऱ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचं दीड वर्षात. त्याच्यावर एकाहून जास्त खटले चालू असतील तर हा लाभ नाही, आणि त्याच्याच वागण्यामुळे झालेला उशीर मोजायचा नाही. पेपर काढणारा इथेच पकडतो.

जुन्या संहितेत याच विषयावरच्या कलम 436-अ मध्ये नव्हती अशी एक गोष्ट आता उपकलम 3 मध्ये आहे. मुदत भरली की कोर्टाकडे ताबडतोब लेखी अर्ज करायचा, तो जेल अधीक्षकाने. 1 जुलै 2024 च्या आधीच्या खटल्यांनाही हे कलम लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. आता शेकडो बंद्यांच्या तारखा अधीक्षक एकटा कुठे लक्षात ठेवणार? त्याच्यापुढे यादी ठेवणारे तुम्ही. तुम्हाला बढती द्यायची ती याच कामासाठी.

नोकरीच्या पाचव्या वर्षी एका लहान जेलमध्ये वॉरंटांचं, म्हणजे कैद्याला जेलमध्ये ठेवण्याच्या कोर्टाच्या हुकुमांचं, टेबल माझ्याकडे होतं. एका बंद्याला 2 वर्षांची सक्तमजुरी झाली होती. खटला चालू असताना तो आत होता ते दिवस कोर्टाने वॉरंटाच्या पाठीवर लिहिले होते. मी वॉरंट उलटून पाहिलंच नाही. त्याचा भाऊ गेटवर आला तेव्हा त्याच्या हातात वहीचं रेघांचं पान होतं, गावच्या वकिलाने निळ्या शाईत महिन्यामागून महिना मांडलेलं. ती बेरीज बरोबर होती. माणूस 19 दिवस जास्त आत राहिला होता.

म्हणून वरिष्ठांना विचारून रोज पाच वॉरंटांच्या सुटकेच्या तारखा हाताने काढा, मग संगणकाशी ताडून बघा. कच्चेपणातले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून होत नाहीत. शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ एक, हे वॉरंटावर स्पष्ट नसेल तर मनाने ठरवू नका, कोर्टाला पत्र लिहा. विधिक सेवा प्राधिकरणाचे वकील जेलमध्ये येतात, त्यांनाही विचारा. पण आजच. उद्यावर टाकलेला दिवस त्या बंद्याचा जातो.

पेपर हिंदीत. शब्द अडतात. (इंदूर)

मोजकेच अडतात. हिंदी कायद्यात ‘परिहार’ म्हणजे शिक्षेतली माफी, ‘लघुकरण’ म्हणजे शिक्षा सौम्य करणं, आणि ‘मुजरा’ म्हणजे वजावट. हा शेवटचा आपल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतही होता. यादी करून भिंतीला लावा.

सीआर (गोपनीय अहवाल) खराब लिहिलाय असं कानावर आलं. काय करू? (ग्वाल्हेर)

कानावर आलेल्यावर काही करू नका. प्रत मागा. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात म्हटलं आहे. प्रत मिळाली की मुदतीत अभ्यावेदन (लेखी निवेदन) द्या, आधी सेवाविषयक प्रकरणं बघणाऱ्या वकिलाला दाखवा. मुदत गेल्यावर माझ्याकडे येणारेच जास्त, तेव्हा मीही काही करू शकत नाही.

स्वयंपाक आणि सफाईची कामं जातीवरून देण्याच्या जुन्या नियमांचं उत्तर काय लिहायचं? (मुरार)

ते नियम घटनाबाह्य आहेत, हेच. सुकन्या शांता प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 3 ऑक्टोबर 2024. रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला आहे. पेपरात लिहाल तसंच बराकीत वागा. तिथे अजून कुणी जुन्या पद्धतीने कामं वाटत असेल तर अधीक्षकांना लेखी कळवा.

वय 47. गुडघा दुखतो. दौडीच्या आधी दुखणं मारणारी गोळी घेतली तर? (लष्कर)

घेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा.