उसाची लागण, क्षयाची लागण

पुण्याहून लग्न होऊन शिरोळ तालुक्यात आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘सासरे म्हणाले, यंदा दोन एकर लागण झाली. मी दचकलेच. मला लागण म्हटलं की रोगच आठवतो. हा शब्द एकच आहे का, आणि शुद्ध रूप लावण की लागण? दुसरं म्हणजे, नणंदेच्या घरात एकाला टीबी निघाला, म्हणून सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नणंदेला लागण आहे, पण रोग नाही. लागण आहे आणि रोग नाही, हे कसं?’

ताई, शब्द एकच आहे. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सासऱ्यांच्या रानातच आहे.

‘लागणे’ म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. संस्कृत ‘लग्न’ म्हणजे जोडलेलं, त्याचं प्राकृतात ‘लग्ग’ झालं आणि आपल्याकडे ‘लाग’. झाडाला आंबा लागतो, पायाला ठेच लागते, पोराला नाद लागतो. उसाची कांडी, म्हणजे लावायचा तुकडा, मातीला लागली की उसाची लागण, जंतू शरीराला लागला की रोगाची लागण. फरक बघा कुठं आहे: ऊस ‘रानात’ लागतो, रोग ‘माणसाला’ लागतो. शेतकरी लागण ‘करतो’, माणसाला मात्र ती ‘होते’. अमक्याने तमक्याला क्षयाची लागण केली, असं वाक्य मराठीत बसत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण खोकल्यातून जंतू हवेत गेला यात कुणाचा हेतू नसतो.

आता लागण आणि रोग. सरीत कांडी पुरली, पाणी दिलं, म्हणजे लागण झाली. त्या दिवशी रानात ऊस दिसतो का? नाही. कांडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, मातीखाली असतो. तो फुटेल, कोंब वर येईल, तेव्हा आपण ऊस म्हणणार. क्षयाचंही असंच आहे, फक्त तिथं बहुतेक डोळे फुटतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूची लागण झालेली आहे. त्यातल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती जंतूला दाबून ठेवते. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, वजन उतरत नाही, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. हे शेवटचं वाक्य नणंदेच्या घरात मोठ्यानं सांगा. तिचं ताट-तांब्या कुणी वेगळा काढला असेल, तर तो आजच परत ठेवायला लावा.

हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, ती चाचणी लागण सांगते. रोग आहे की नाही हे लक्षणं, छातीचा एक्स-रे आणि बेडका तपासून ठरतं. रोग नाही असं ठरलं, तरी लागण झालेल्याला प्रतिबंधक औषध देतात. त्याचा एक प्रकार आठवड्याला एकदा, असा बारा आठवडे घ्यायचा असतो. मधुमेह असेल, अंगावर मांस नसेल किंवा एचआयव्ही असेल, तर डोळा फुटायची भीती जास्त. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणून नणंदेनं डोस सोडू नयेत.

घोटाळा होतो तो ‘क्षय’ या शब्दामुळे, असं माझं मत आहे. क्षय म्हणजे झिजणं. झिजत चाललेल्या माणसाकडे बघून पडलेलं हे नाव आहे. जंतू कुणाला माहीतच नव्हता, तो रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये जगापुढं मांडला. त्यामुळे ‘क्षयाची लागण’ ऐकलं की माणूस झिजायला लागला असंच वाटतं. डॉक्टरांनी ‘क्षयाच्या जंतूची लागण’ म्हणावं. एक शब्द वाढतो, पण घरातलं रडणं थांबतं. लागणीच्या जागी ‘संक्रमण’ मात्र नको. तो हिंदीतून आलेला वापर आहे. आपल्याकडे संक्रमण सूर्याचं होतं, मकरेत. ‘साथ’ तर निराळीच. लागण एकट्याला होते, साथ गावात येते.

उसाची गोष्ट निघालीच आहे, तर खोडवाही सांगतो. ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, त्याला नवी लागण लागत नाही. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला म्हातारपणी नागीण उठते, तो कांजिण्यांचा खोडवाच. तोच विषाणू इतकी वर्षं मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसलेला असतो. क्षयात हा प्रश्न संशोधकांना खरोखर पडतो. बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडला, तर हा जुन्याचा खोडवा की नवी लागण? दोन्ही वेळच्या जंतूंची जनुकं ताडून ते ठरवतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनकडे साथ दाट असलेल्या भागात असं ताडून पाहिलं, त्याचा निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाला. तिथं तपासलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगात दुसऱ्या वेळी वेगळाच जंतू सापडला, म्हणजे नवी लागण. अशा ठिकाणी औषध चांगलं असून भागत नाही, भोवतालची साथही आटोक्यात आणावी लागते.

राहिलं लावण की लागण. ‘लावणे’वरून लावण, ‘लागणे’वरून लागण. एकात लावणाऱ्याचा हात दिसतो, दुसऱ्यात रोप मातीला धरल्याचं कळतं. आमच्याकडे भाताचीही रोप लागण म्हणतात, पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला आडसाली लागण म्हणतात. दोन्ही रूपं शुद्ध आहेत. सासऱ्यांना दुरुस्त करू नका, आणि त्यांच्यासमोर ‘उसाची लावण’ म्हणालात, तरी त्यांना ते कळेलच.