दीडशे मेल, उत्तर एकही नाही

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलीने जळगावच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली. थीसिस जमा झालाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे. आता पोस्टडॉक करायचं म्हणते. ही आणखी एक डिग्री का? तिने दीडशे प्राध्यापकांना मेल केले, उत्तर नाही. एक एजंट दोन लाखांत परदेशातली जागा पक्की करून देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर : भाऊ, नमस्कार. आधी पैशांचं. एक रुपयाही देऊ नका. पोस्टडॉक ही डिग्री नाही, पीएच.डी.नंतरची संशोधनाची मुदतीची पगारी नोकरी आहे. माणूस निवडतो तो तिथला प्राध्यापक, आणि त्याच्या दारात एजंटाची ओळख चालत नाही.

पुढचं ताईसाठी, तिला वाचायला द्या.

ताई, तुझा जोडलेला मेल वाचला. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने, पुढे ‘मी मेहनती आहे’, सोबत सहा पानी बायोडेटा, त्यात दहावीचे टक्के आणि वडिलांचं नाव. समोरच्याचं नाव कुठेच नाही. हा मेल दीडशे जणांना गेलाय हे पहिल्या ओळीतच कळतं, मग तो उघडा कशाला ठेवतील?

तुझं काम सुपरकपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या उपकरणाच्या, पातळ फिल्मवर. मग ज्यांचे पेपर तू खरोखर वाचलेत असे पंधराच जण निवड. लिही, की तुमच्या ताज्या पेपरमधल्या इलेक्ट्रोडची फिल्म काही हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर सुटते. माझीही फिल्म अशीच सुटत होती, ती मी अमुक करून थांबवली, आलेख जोडलाय. शेवटी सरळ विचार, की जागा आहे का, नसेल तर फेलोशिपसाठी होस्ट व्हाल का, म्हणजे मला फेलोशिप मिळाली तर तुमच्या लॅबमध्ये घ्याल का? दहा-बारा ओळी पुरे. दहा दिवसांनी एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा नको.

हा होस्टचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बऱ्याच मोठ्या फेलोशिपांना आधी होस्ट लागतो, अर्ज नंतर. युरोपची मेरी क्युरी फेलोशिप घे. अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतात, निकाल फेब्रुवारीच्या सुमारास. ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. तुला ती अडचण नाही, पण तारखेच्या आत व्हायवा झालेला हवा. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. युरोपातल्या सुट्या जागा युरॅक्सेस या वेबसाइटवर लागतात.

देशातलं विसरू नकोस. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, वयाची अट ३५, महिलांना पाच वर्षं सवलत, आणि थीसिस जमा झालेल्यांनाही अर्ज करता येतो. ती देणारं एसईआरबी हे केंद्र सरकारचं मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलंय, जुन्या वेबसाइटवर शोधत बसू नकोस. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या स्वतःच्याही जागा निघतात.

शिफारसपत्रं तीन लागतील. गाइडचं एक मिळेल, बाकी दोघांना आजच सांग. ‘शी इज सिन्सियर’ एवढ्यावर कोणी जागा देत नाही. पत्रात तुझं काम यायला हवं, म्हणून त्यांना एक पान टिपण दे.

भाऊ, केळीची कांदेबाग लावली की घड कधी कापणीला येईल ते तुम्ही धरून चालता. इथेही पहिल्या मेलपासून रुजू होईपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. तोवर लग्नाचा विषय काढायचा की नाही ते तुमचं तुम्ही पाहा, मी त्यात पडत नाही. पण व्हायवाच्या तारखेसाठी विद्यापीठात चकरा मारायला तिला मोकळं ठेवा. आणि ताई, पहिले पाच मेल पाठवण्याआधी मला दाखव.