डेटा सेंटरची नोकरी: व्हीएम उभं करण्याआधी ते परत आणायला शिका

प्रश्न: मुलगी बीसीए झाली. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये एल-१ (पहिल्या पातळीच्या) पदावर निवड झाली आहे. व्हर्च्युअल मशीनवर देखरेख, बॅकअप आणि पाळीची ड्युटी असं काम आहे. रुजू व्हायला दोन महिने आहेत. एक क्लास व्हीएमवेअरच्या कोर्सचे पाऊण लाख सांगतोय. नातेवाईक म्हणतात, सगळं क्लाउडवर गेलं, आता यात काही राहिलं नाही. काय करावं?
(एक पालक, कराड)

नमस्कार,

नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. क्लाउडवर भाड्याने मिळणारा सर्व्हर बहुतेक वेळा कुणाच्या तरी डेटा सेंटरमधलं व्हर्च्युअल मशीनच (व्हीएम, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) असतो. महापे, ऐरोली, रबाळे या पट्ट्यातल्या इमारतींत नेमकं हेच चालतं. खरा बदल झालाय तो वेगळ्या बाजूने. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली, कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं आणि फक्त वर्गणी ठेवली. खर्च वाढलेल्या कंपन्या हायपर-व्ही, न्यूटॅनिक्स, प्रॉक्समॉक्स असे पर्याय तपासू लागल्या. त्यामुळे दोन हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) हाताळलेल्या माणसाला आज जास्त विचारतात. एकाच कंपनीची बटणं शिकायला पाऊण लाख घालायची ही वेळ नाही. कंपनीला गरज वाटली तर ते प्रशिक्षण ती स्वतःच्या खर्चाने देईल.

त्यापेक्षा एक सेकंडहँड डेस्कटॉप घ्या. सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम (१६ वरही भागतं), ५०० जीबी एसएसडी आणि बॅकअपसाठी वेगळी १ टीबी हार्ड डिस्क. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हीएम चालवायची सोय चालू करा: प्रोसेसर इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम. व्हीएम सुरूच होत नाही अशी तक्रार निम्म्या वेळा इथेच अडकलेली असते. मग प्रॉक्समॉक्स व्हीई टाका, ते फुकट आहे. ते निवडलेली डिस्क पूर्ण पुसतं, तेव्हा घरच्या फोटोंचा संगणक यासाठी देऊ नका.

त्यावर तीन व्हीएम उभी करावीत: २ जीबी रॅमचं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), ४ जीबीचं विंडोज सर्व्हर (१८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते) आणि ४ जीबीचा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, ज्याचा साठा त्या वेगळ्या डिस्कवर असेल. खऱ्या कामात बॅकअप सर्व्हर त्याच होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर) ठेवणं ही घोडचूक आहे. होस्ट गेला की व्हीएम आणि बॅकअप दोन्ही गेले. शिकण्यापुरतं चालेल.

इथपर्यंत कुणालाही जमतं. मुलीची किंमत ठरेल ती पुढच्या भागावर.

पहिली गोष्ट स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं. तो बॅकअप नव्हे, हे मुलाखतीत सगळे म्हणतात, पण का ते थोडेच सांगतात. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल गोठते आणि नवं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. मूळ फाइल खराब झाली तर डेल्टाचा काही उपयोग नाही. पॅच लावण्याआधी घेतलेला स्नॅपशॉट काढायचा राहून गेला की डेल्टा फुगत जाते, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा) भरतो आणि त्यावर जागा मागणारी व्हीएम थबकतात. म्हणून एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये अशी कंपनीचीच शिफारस आहे. जुना, मोठा स्नॅपशॉट भर दुपारी काढू नये. डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायला तास न् तास लागू शकतात आणि स्टोरेजवर ताण येऊन ॲप्लिकेशन रखडतात.

दुसरी गोष्ट रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून परत आणणं. डेबियनवर पोस्टग्रेसचा डेटाबेस चालू ठेवून बॅकअप घ्या, एकदा गेस्ट एजंटशिवाय (व्हीएमच्या आत चालणारा, होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) आणि एकदा एजंट लावून. एजंट नसेल तर बॅकअप म्हणजे वीज गेल्या क्षणाची डिस्क. एजंट बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टम गोठवतो, विंडोजमध्ये हे काम तिची व्हीएसएस ही सोय करते. मग व्हीएम चक्क डिलीट करा आणि परत आणा. डेटाबेस उघडून शेवटची नोंद सापडते का ते बघा, किती वेळ लागला ते वहीत लिहा. पुढच्या वेळी मूळ व्हीएम चालू असतानाच दुसरी प्रत रिस्टोअर करा. आयपी तोच असल्यामुळे दोघांची टक्कर होते, म्हणून प्रत सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क कार्ड तोडायचं आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) नवा घ्यायचा. बॅकअपच्या यादीतल्या हिरव्या खुणेवरून एवढंच कळतं की काहीतरी लिहिलं गेलं.

इथे थोडं गणितही हवं. २ टीबीचं व्हीएम १ गिगाबिटच्या जाळ्यावरून आणायचं तर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे पाच तास. ग्राहकाशी केलेल्या करारात एक तासात सेवा पूर्ववत करू असं लिहिलं असेल, तर तो करार कागदावरच राहणार. हे अपघाताआधी सांगणारा माणूस टीम लीडच्या लक्षात राहतो.

संरक्षणाबाबत एक घटना तिने नीट वाचावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या रॅन्समवेअरने जगभरातल्या हजारो ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर) होस्टवरच्या व्हीएम फाइल्स कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं, तिचा पॅच दोन वर्षं आधीच निघाला होता. चोर होस्टपर्यंत पोचला की आतल्या व्हीएममधला अँटिव्हायरस काय करणार? म्हणून होस्टचं व्यवस्थापन पान इंटरनेटवर उघडं नको. बॅकअपचं खातं कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीपासून (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वेगळं हवं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यांवर, एक इमारतीबाहेर, आणि त्यातली एक अशी की ठरलेल्या मुदतीपर्यंत ॲडमिनलाही पुसता येऊ नये.

उरलेल्या वेळात लिनक्सची कमांड लाइन, सबनेट आणि व्हीलॅन (नेटवर्कचे भाग पाडण्याच्या पद्धती) शिकावं. वर्षभरानंतर परीक्षा द्यायचीच झाली तर आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स ॲडमिनची परीक्षा) द्यावी. ती प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यायची असते, पाठांतर चालत नाही. पहिले काही महिने अलर्ट बघणं आणि टिकेट (नोंदवलेल्या तक्रारी) वरच्या टीमकडे पाठवणं यातच जातील, त्याने खट्टू होऊ नये. मात्र रोज फेल झालेल्या एका बॅकअप जॉबचा लॉग शेवटपर्यंत वाचायची सवय लावावी.

रुजू होण्याआधी एचआरकडून तीन गोष्टी ईमेलवर मागा: रात्रपाळीला घरापासून घरापर्यंत गाडी आहे का, पाळ्या किती दिवसांनी बदलतात आणि बाँड आहे का. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम किती, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का, हेही विचारा. ठेवणार म्हणाले तर साक्षांकित प्रती देऊ करा, मूळ कागद हातातून सोडू नका.