ब्रिटनमध्ये फुटपाथवर कार लावणं सगळीकडे बेकायदेशीर आहे का?

नाही, सगळीकडे नाही. लंडनमध्ये 1974 च्या कायद्यापासून बंदी आहे, स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2023 पासून दंड लागू झाला (100 पौंड, 14 दिवसांत भरला तर 50), पण बाकीच्या इंग्लंडमध्ये अशी सरसकट बंदी नाही. हायवे कोडचा (ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तकाचा) नियम 244 वाचा, लंडनसाठी भाषा ‘लावायचीच नाही’ अशी आहे आणि इतरत्र फक्त ‘लावू नये’, म्हणजे नुसता सल्ला, सगळा घोळ तिथेच आहे. गंमत म्हणजे फुटपाथवर गाडी चालवणं 1835 च्या कायद्यानेच गुन्हा आहे, मग ती वर चढली कशी? पण चढवताना कोणी बघितलं पाहिजे ना! माझ्या मते बंदी हवीच, कारण दोन चाकं वर चढवलेल्या कारमुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडीला सरळ रस्त्यावर उतरावं लागतं आणि अंध माणसाची काठी आधी टायरला लागते, मग आरसा खांद्याला. फक्त एक आहे, कार येण्याआधी बांधलेल्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी गाड्या पूर्ण रस्त्यावर लावल्या तर अग्निशमनचा बंब आत शिरणार नाही, म्हणून स्कॉटलंडमध्येही काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) असे ठराविक रस्ते वगळता येतात.