जीवाश्म इंधनांचे फायदे हवामान बदलाच्या धोक्यापेक्षा मोठे मानावेत का?

आजवरचे फायदे निःसंशय मोठे आहेत, पण तेवढ्यावरून ही इंधने यापुढेही त्याच प्रमाणात जाळावीत असा निष्कर्ष निघत नाही. कारण फायदा जाळणाऱ्याला लगेच मिळतो आणि तोटा मात्र सर्वांच्या खात्यावर साठत जातो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते आणि ते जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे इंधनाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक, कारण त्यातील कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो (शाळेतले रसायनशास्त्र इथे पुरते). या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षे वातावरणात राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार १८५०-१९०० च्या तुलनेत पृथ्वीचे तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले आहे. म्हणून एकच सरसकट बेरीज-वजाबाकी मांडण्याऐवजी प्रत्येक वापराला पर्याय आहे का, हे पाहावे. वीजनिर्मिती आणि मोटारींना तो आहे. मात्र नत्रखतांसाठी लागणारा अमोनिया आजही मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून मिळवलेल्या हायड्रोजनवर अवलंबून आहे आणि जगाच्या अन्नाचा मोठा हिस्सा या खतांवर पिकतो, त्यामुळे तिथे घाईने बंदी घालणे मला चुकीचे वाटते.