आरपीजी भाषेत खरंच काही नवीन आलंय का, आणि आज ती शिकावी का?

तुमचा प्रश्न असा: बी.एससी. आयटी करून अंधेरीतल्या एका विमा कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये लागलात, एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक मशीनवरचे, आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम हातात आले, सोर्स उघडल्यावर धक्का बसला. टीममधले म्हणतात, ‘नवीन आरपीजी खूप बदललीय.’ ते खरं आहे का, की वेळीच जावाच्या टीममध्ये बदली मागावी?

खरं आहे. पण तुमच्यासमोरच्या सोर्समध्ये ते दिसणार नाही, आणि सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. आपल्याकडच्या बँका आणि विमा कंपन्यांत चालणारा बराचसा कोड नव्वदच्या दशकातल्या पद्धतीने लिहिलेला आहे. नवा कंपायलर तो तसाच्या तसा कंपाइल करतो, म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. नवखा माणूस तो कोड बघतो आणि भाषा तिथेच थांबली असं समजतो. मी मुंबईत बरीच वर्षं हेच काम करते, त्यामुळे मला मनापासून वाटतं की निर्णय घेण्याआधी भाषा आजच्या रूपात एकदा तरी बघावी.

आरपीजी १९५९ साली आयबीएमच्या १४०१ मशीनसाठी आली, तेव्हा तिचं काम रिपोर्ट काढण्यापुरतं होतं. एएस/४०० आलं १९८८ मध्ये, आरपीजी फोर १९९४ मध्ये. तुम्हाला जे जुनाट दिसतंय ते फिक्स्ड फॉरमॅट आहे: सहाव्या कॉलममध्ये स्पेकचं अक्षर, ठरलेल्या कॉलममध्ये ऑपकोड (काय करायचं तो शब्द), त्याच्या दोन्ही बाजूंना फॅक्टर (कशावर करायचं ते), आणि कडेला इंडिकेटरचे, म्हणजे चालू-बंद खुणांचे, आकडे. २००१ मध्ये गणिताचा भाग फ्री फॉरमॅटमध्ये लिहिता येऊ लागला. २०१३ मध्ये फाइली आणि व्हेरिएबल जाहीर करण्याचा भागही सुटला. २०१५ मध्ये पहिल्या ओळीत पहिल्या कॉलमपासून दोन चांदण्या आणि ‘फ्री’ लिहिलं की कॉलमचं बंधनच उरलं नाही. त्यानंतर लिहिलेला चांगला प्रोग्राम कॉलेजात दुसरी कुठलीही भाषा शिकलेल्या मुलाला सहज वाचता येतो.

पण कॉलम गेले हा माझ्या दृष्टीने मोठा बदल नाही. मोठा बदल २०२० पासून पीटीएफमधून, म्हणजे आयबीएमच्या अपडेटमधून, हळूहळू येत गेला. आमच्या धंद्यात प्रोग्राम म्हणजे पैशाचे नियम: कुठल्या पॉलिसीला बोनस लागू होतो, हप्ता चुकल्यावर किती दिवस सवलत, सरेंडर केल्यास काय कापायचं. हे नियम कोडमध्ये असतात, पण जुन्या कोडमध्ये ते वाचता येत नाहीत. पॉलिसीची स्थिती एका अक्षरात ठेवलेली असते. चालू पॉलिसी, लॅप्स झालेली, पेड-अप, सरेंडर केलेली, प्रत्येकीचं अक्षर वेगळं. मग चार-पाच तुलना ‘ऑर’ने जोडलेल्या, त्यांच्या निकालावर इंडिकेटर ४१ चालू, आणि तीनशे ओळींनंतर कुठेतरी ‘४१ चालू असेल तर’. हे अक्षर म्हणजे नेमकं काय, हे ज्याला माहीत होतं तो रिटायर होऊन डोंबिवलीला घरी बसलाय.

२०२० च्या शेवटी ‘इन’ हा ऑपरेटर आला, सोबत ‘%लिस्ट’ आणि ‘%रेंज’. आता स्थिती या यादीत आहे का, वय या दोन आकड्यांच्या मध्ये आहे का, हे एका ओळीत सरळ विचारता येतं. ‘फॉर-ईच’ही तेव्हाच आलं, म्हणजे अ‍ॅरे फिरवताना इंडेक्सचं व्हेरिएबल सांभाळायची गरज नाही. २०२३ मध्ये ‘डीसीएल-इनम’ आलं: त्या एका अक्षराच्या स्थितींना नावं देऊन त्यांचा एक गट करायचा, आणि मग ‘ही स्थिती या गटात आहे का’ हेही ‘इन’नेच विचारायचं. त्याच वर्षी ‘सिलेक्ट’ सुधारलं. कशाची तपासणी करायची ते ‘सिलेक्ट’च्या ओळीत एकदाच लिहायचं, खाली ‘व्हेन-इज’ आणि ‘व्हेन-इन’. अंडररायटिंग विभागातल्या माणसाला शेजारी बसवून असा कोड दाखवला, तर नियम बरोबर आहे की नाही हे तो सांगू शकतो. एरवी हे काम आम्ही एक्सेल शीट बनवून, ईमेल पाठवून, आठवडा घालवून करतो. माझ्या मते या भाषेत गेल्या काही वर्षांत आलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

एरर हाताळण्यातही असाच फरक पडला. एरर पकडणारं ‘मॉनिटर’ खूप आधीपासून होतं, पण ‘ऑन-एरर’मध्ये नेमकी चूक ओळखायची तर आकडी स्टेटस कोडच द्यावा लागायचा. आता ‘ऑन-एक्सेप’ला थेट मेसेज आयडी देता येतो, म्हणजे जॉब लॉगमध्ये जो नंबर दिसतो तोच कोडमध्ये सापडतो. रात्री डे-एंड बॅच अडकून मेसेजला उत्तर मागत थांबली असताना याची किंमत कळते. ‘एसएनडी-एमएसजी’ने जॉब लॉगमध्ये मेसेज टाकणंही एका ओळीचं झालंय, पूर्वी त्यासाठी एपीआयला कॉल करून भलीमोठी पॅरामीटरची यादी भरावी लागायची.

अ‍ॅरेबद्दल एक सांगते. जुन्या कोडमध्ये ९९९९ घटकांचा अ‍ॅरे आणि त्यातले किती भरलेत ते मोजणारं वेगळं व्हेरिएबल ही जोडी जागोजागी दिसेल. असा अर्धवट भरलेला अ‍ॅरे चढत्या क्रमाने सॉर्ट केला की रिकामे घटक वर येतात आणि खरी माहिती तळाला जाते. या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे आयबीएम आयच्या, ७.४ रिलीजमध्ये, २०१९ साली, आकार सांगणाऱ्या ‘डिम’मध्ये ‘ऑटो’ लिहिता येऊ लागलं. अ‍ॅरे भरत जाईल तसा वाढतो, आणि सॉर्ट, शोध वगैरे जेवढे घटक आहेत तेवढ्यांवरच चालतात. ‘%स्प्लिट’, ‘%अपर’, ‘%लोअर’, ‘%लेफ्ट’, ‘%राइट’ ही फंक्शन्स किरकोळ वाटतील, पण त्यांनी रोजच्या कामातल्या पाच-सहा ओळींच्या जागी एक ओळ आणली. जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या मजकुरासाठी ‘डेटा-इंटू’ आणि ‘डेटा-जेन’ आहेत. मोबाइल अ‍ॅपकडून आलेली विनंती पार्सरच्या मदतीने थेट डेटा स्ट्रक्चरमध्ये उतरते.

आता आपल्या लोकांच्या कामाची गोष्ट. ग्राहकाचं नाव मराठीत साठवायचं तर फील्ड यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात ठेवता येतं, आणि देवनागरीचं प्रत्येक युनिकोड चिन्ह त्यात ३ बाइट घेतं. ‘मुंबई’ या शब्दात अशी ५ चिन्हं आहेत: म, उकार, अनुस्वार, ब, ई. म्हणजे १५ बाइट. शब्दाचा तुकडा काढून देणारं ‘%सबस्ट’ मुळात बाइट मोजतं, म्हणून पहिलं अक्षर मागितलं तर ‘म’चा एक तृतीयांश तुकडा हाती येतो आणि पत्रावर कचरा छापला जातो. कंट्रोल ऑप्शनमध्ये ‘कॅरकाउंट नॅचरल’ लिहिलं की मोजणी चिन्हांची होते. मात्रा आणि अनुस्वार युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत, तेव्हा नाव कुठे तोडायचं हा विचार तरीही आपणच करायचा. मराठीत पॉलिसीची पत्रं पाठवणाऱ्या प्रत्येक टीमने हा पर्याय वापरून बघावा असं मला तळमळीने वाटतं.

नव्या सुविधा असल्या तरी डोळे उघडे ठेवून वापराव्या लागतात, याचं उदाहरण तारखांचं आहे. जुन्या प्रोग्राममध्ये तारखेला १०००० दशांश ०१ ने गुणलेलं दिसलं तर घाबरू नका. महिना-दिवस-वर्ष अशा सहा आकडी तारखेला या संख्येने गुणून उजवीकडचे सहा आकडे ठेवले की वर्ष-महिना-दिवस मिळतं. आज ‘%डेट’ने हे नीट होतं. पण दोन आकडी वर्ष असलेल्या तारखेचा अर्थ मूळ नियमानुसार १९४० ते २०३९ याच पट्ट्यात लागतो. मुंबईत आज २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर शेवटचा हप्ता २०३९ च्या पुढे जातो. तारीख दोन आकडी वर्षात ठेवलेली असेल तर २०४५ मधला हप्ता १९४५ चा ठरेल. जुना गुणाकार काढून ‘%डेट’ टाकला एवढ्याने हे सुटत नाही. फाइलमधलं फील्डच चार आकडी वर्षाचं, किंवा खऱ्या तारखेच्या प्रकाराचं करावं लागतं. तुमच्या टीमकडे हे काम येणारच आहे.

म्हणून सगळा जुना कोड एका झटक्यात फ्री फॉरमॅटमध्ये बदलू या, असं कोणी म्हणालं तर सावध राहा. ‘मूव्ह’, ‘गोटू’, ‘केलिस्ट’ हे ऑपकोड फ्री फॉरमॅटमध्ये नाहीत. त्यात ‘मूव्ह’ सगळ्यात फसवं: ते उजवीकडून भरतं, आणि घेणारं फील्ड मोठं असेल तर डावीकडची जुनी अक्षरं तशीच राहतात. कुठल्यातरी प्रोग्रामचा हिशेब त्या उरलेल्या अक्षरांवरच उभा असतो. टूलने कोड बदलून दिला तरी इंडिकेटर ४१ चा अर्थ टूल सांगत नाही. मी असं करते: ज्या प्रोग्राममध्ये नियम बदलायचाच आहे, तिथे तो नियम वेगळ्या प्रोसीजरमध्ये काढून फ्री फॉरमॅटमध्ये लिहायचा, जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करायची, आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. त्यामुळे फिक्स्ड फॉरमॅट वाचता येणं तुम्हाला टाळता येणार नाही. लिहिण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून फ्रीचीच लावा.

शिकताना एसईयू या मशीनवरच्या जुन्या एडिटरवर अवलंबून राहू नका. त्याची सिंटॅक्स तपासणी ६.१ च्या पातळीवर थांबलीय. त्यानंतर आलेली प्रत्येक गोष्ट ते चूक म्हणून दाखवतं, आणि नवी मुलं घाबरून बरोबर कोड खोडतात. व्हीएस कोडमध्ये ‘कोड फॉर आयबीएम आय’ हे एक्स्टेन्शन फुकट मिळतं. कंपनीत परवानगी मिळत असेल तर तेच वापरा, नाहीतर आरडीआय हा आयबीएमचा एडिटर. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा रोज थोडी लिहा, कारण चांगला नवा आरपीजी प्रोग्राम फाइल वाचायचं बरंच काम तिलाच सोपवतो.

बदलीबद्दल विचाराल तर निदान वर्षभर थांबा. जावा त्याच मशीनवर चालतं, ते पुढेही शिकता येईल. विम्याचे नियम मात्र या सोर्समध्येच लिहिलेले आहेत, आणि ते वाचू शकणारे आपल्याकडे कमी होत चाललेत.

सुरुवात करण्याआधी अ‍ॅडमिनला दोन गोष्टी विचारा: डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन मशीनवर कुठलं रिलीज आहे, आणि ५७७०डब्ल्यूडीएस या प्रॉडक्टचे, म्हणजे कंपायलरचे, पीटीएफ शेवटचे कधी टाकले. डेव्हलपमेंटला ७.५ आणि प्रॉडक्शनला ७.४ असेल तर कंपाइल करताना टार्गेट रिलीज ७.४ द्यावं लागेल. पीटीएफ जुने असतील तर ‘डीसीएल-इनम’ लिहिल्यावर कंपायलर ती ओळच ओळखणार नाही. तेव्हा चूक तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका, आधी पीटीएफ टाकून घ्या.