वाचकांचे प्रश्न : फोनचं बिल खात्यातून परस्पर कापलं जातंय, थांबवायचं कसं?

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून एकाच विषयावरची बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथं घेतली आहेत. पत्रांमधली कंपन्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : घरचं ब्रॉडबँड आणि एक पोस्टपेड नंबर, दोन्ही बंद करण्याचा अर्ज कंपनीच्या दुकानात दिला. तरी दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जातात. दुकानदार म्हणतो बँकेत जा, बँक म्हणते कंपनीला सांगा. आम्ही नक्की कुणाच्या दारात उभं राहायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही दारांत, पण आधी बँकेच्या. बिल आकारणं हा कंपनीचा विषय आहे. खात्यातून पैसे ओढायची परवानगी, म्हणजे मँडेट, तुम्ही दिलेली असते आणि ती बँक खात्याला किंवा कार्डाला जोडलेली असते, फोनच्या सिम कार्डाला नव्हे. त्यामुळं सिम तोडून टाकलं, नंबर पोर्ट केला किंवा कनेक्शन बंद झालं, तरी मँडेट जिवंत राहू शकतं. कंपनीनं चुकून पुढचं बिल काढलं की पैसे गेलेच.

पासबुक भरून घ्या आणि कापलेल्या रकमेसमोरची ओळ नीट वाचा. तिथं ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ (बँक खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप वसूल करणारी यंत्रणा) छापलं असेल तर मँडेट थेट बँक खात्यावर आहे. ‘यूपीआय’ असेल तर ते गुगल पे, फोनपे, भीम अशा एखाद्या अ‍ॅपमधून दिलेलं ऑटोपे आहे. व्यवहार डेबिट कार्डाचा दिसत असेल किंवा रक्कम क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटात येत असेल, तर परवानगी कार्डावर आहे. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. बँकेतल्या कर्मचाऱ्याला नुसतं “ऑटो पेमेंट बंद करा” म्हटलं की चुकीच्या टेबलावर पाठवलं जाण्याची शक्यता जास्त.

यूपीआयचं काम घरबसल्या होतं. ज्या अ‍ॅपमधून परवानगी दिली होती ते उघडा, प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ शोधा, चालू मँडेटमधून कंपनीचं नाव निवडा, ‘कॅन्सल’ किंवा ‘रिव्होक’ दाबा आणि यूपीआय पिन टाका. ‘पॉज’ दाबू नका, कारण ठरलेली मुदत संपली की वसुली पुन्हा सुरू होते. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्यानंही मँडेट रद्द होत नाही. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट मँडेट क्रमांकासकट ठेवा. कापणीच्या दिवसाची वाट पाहू नका. ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा टाळून होते, त्यात सकाळी १० च्या आधीची वेळही येते. उठून अ‍ॅप उघडेपर्यंत रक्कम गेलेली असू शकते.

कार्डावरचं मँडेट कार्ड देणाऱ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ‘ई-मँडेट’ अथवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली सापडतं. रिझर्व्ह बँकेचे याबाबतचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख कळवायची आणि नको असेल तर बाहेर पडायची सोय द्यायची. १५,००० रुपयांपर्यंतच्या बिलाला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो आधीचा मेसेज हाच तुमचा पहारा. जाहिरात समजून पुसू नका.

सगळ्यात जास्त घोळ नॅचमध्ये होतो. नेटबँकिंग असेल तर मँडेटच्या यादीतून रद्द करता येतं का ते पाहा. नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. प्रत्येक नॅच मँडेटला २० अक्षर-अंकांचा ‘यूएमआरएन’ असतो. तो शाखेकडून मागून घ्या आणि अर्जात लिहा. मजकूर एवढा पुरे :

“माझ्या बचत खाते क्र. … वरील … कंपनीच्या नावे असलेले नॅच मँडेट, यूएमआरएन …, मी आजपासून कायमचे रद्द करत आहे. यापुढे या मँडेटवर आलेली कोणतीही मागणी मंजूर करू नये. रद्द केल्याची लेखी नोंद मला द्यावी.”

‘कायमचे रद्द’ हे शब्द गाळू नका. अनेकदा शाखेत फक्त एका महिन्याचं ‘स्टॉप पेमेंट’ लावलं जातं आणि पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा जातात. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. “आधी कंपनीचं ना-हरकत पत्र आणा” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. चेकचं पेमेंट थांबवायला समोरच्याची संमती लागत नाही, तसंच हे आहे. खातं सहकारी बँकेत असेल तर अर्ज लवकर द्या. यातल्या काही बँका मोठ्या बँकेमार्फत या यंत्रणेला जोडलेल्या असतात, त्यामुळं सूचना पुढं पोचायला वेळ जातो. बिलाच्या तारखेआधी आठ-दहा दिवस हाताशी ठेवा.

मग कंपनीचं दार. १९८ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. कनेक्शन बंद केल्याची तारीख, अंतिम बिल आणि बंदनंतर कापलेल्या रकमेचा परतावा, तिन्ही लेखी मागा. मँडेट रद्द केलं म्हणून आधीची थकबाकी माफ होत नाही. जेवढं बिल खरं आहे तेवढं स्वतः भरा, पावती ठेवा आणि वाद उरलेल्या रकमेवरच घाला. थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात गेली तर उद्या पीक कर्जाच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या वेळी ती आडवी येते.

प्रश्न : मुलगा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त तमिळनाडूत असतो. त्याच्या फोनचं बिल माझ्या खात्यातून जातं. ऊसबिल जमा होईपर्यंत खात्यात फारसं काही नसतं. बिल परत जातं आणि बँक वर दंड लावते. खातं रिकामंच ठेवलं तर कंपनी आपोआप मागं हटेल का?
— एक माउली, विटा

उत्तर : नाही, आई, खातं रिकामं ठेवू नका. नॅच परत गेलं की बँक दर वेळी दंड लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि फोन कंपनीही उशिराचा आकार लावू शकते. नंतर ऊसबिल जमा झालं की साचलेला दंड आधी वळता होतो. शिवाय शिल्लक नसल्यामुळं इलेक्ट्रॉनिक पेमेंट परत जाणं हे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक न वटण्यासारखंच, नोटीस देऊनही पैसे न भरल्यास गुन्हा ठरू शकतं. फोनच्या बिलासाठी कुणी एवढ्या थराला जाईल असं नाही. पण सरळ अर्जानं सुटणारी गोष्ट तिथपर्यंत कशाला न्यायची?

खातं तुमचं, म्हणून अर्जावर सही किंवा अंगठाही तुमचाच लागेल. मुलाचा फोन आला म्हणून बँक मँडेट बंद करणार नाही. खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीचं असेल, तर त्याची सही चालते का ते शाखेत विचारा. वर दिलेला मजकूर वापरा. त्याच दिवशी मुलाला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या स्वतःच्या खात्यावरून बिल भरायची सोय लावायला सांगा, म्हणजे त्याचा फोन बंद पडणार नाही.

त्याचा जुना नंबर तुमच्या बँक खात्याला जोडलेला असेल तर तो आधी बदला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी परक्या माणसाच्या हातात जातील.

प्रश्न : बिलात कॉलर ट्यून आणि कसल्याशा गेमचे पैसे लागतात. आम्ही असं काही घेतलेलंच नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : याला मूल्यवर्धित सेवा म्हणतात. १५५२२३ या टोल फ्री नंबरवर फोन करा, किंवा इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून एसएमएस पाठवा, आणि चालू असलेल्या सेवा बंद करून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०१३ मध्ये अशा सेवांसाठी दुहेरी संमती सक्तीची केली. ग्राहकानं एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा स्वतंत्र होकार घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत नुसतं “पैसे परत द्या” लिहू नका. ही सेवा कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मार्गानं सुरू झाली आणि दुसऱ्या संमतीची नोंद कुठं आहे, ते विचारा. नोंद दाखवता आली नाही की परताव्याचा तुमचा मुद्दा भक्कम होतो.

गेमची खरेदी मात्र गुगल प्लेमधून पोस्टपेड बिलावर टाकलेली असू शकते. ती १५५२२३ वर बंद होणार नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडून ती रद्द करा. फोन मुलांच्या हातात जात असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय प्ले स्टोअरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये त्याच वेळी करून टाका.

प्रश्न : मँडेट रद्द केल्याची पोच माझ्याकडं आहे, तरी पैसे गेले. कंपनीकडं तक्रार केली, “निकाली काढली” एवढाच मेसेज आला. आता पुढं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आता तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकाच कागदावर मिसळू नका.

पहिली बँकेविरुद्ध : रद्द केलेल्या मँडेटवर पैसे दिले. पोचेची प्रत जोडून शाखेत लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तक्रार पोर्टलवरून करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे आणि फी नाही. शिक्क्याची पोच इथं निर्णायक ठरते.

दुसरी कंपनीविरुद्ध. प्रत्येक दूरसंचार कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं आणि त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. डॉकेट नंबर घालून अपील करा. ते मोफत असतं आणि ३९ दिवसांत निकाली निघायला हवं. तक्रारीचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते दाखल करा. ट्रायकडं वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही, ती संस्था एकेका ग्राहकाची प्रकरणं हाताळत नाही.

तिथंही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कंपनीशी बोलणी तिथून होऊ शकतात. त्यापुढं सातारचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. फोन कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. ती चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : इंटरनेटवरून कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावला. समोरच्यानं परतावा देतो म्हणून एक अ‍ॅप टाकायला आणि पिन घालायला सांगितलं. घालू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : घालू नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पैसे पाठवायला लागतो. मँडेट रद्द करताना पिन लागतो हे खरं, पण तो तुम्ही स्वतःच्या अ‍ॅपमध्ये, स्वतः उघडलेल्या पानावर घालता, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. त्यानं टाकायला लावलेल्या अशा अ‍ॅपमधून तुमचा स्क्रीन सहसा त्याला दिसू लागतो. ते टाकलं असेल तर आधी फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय व कार्ड थांबवा. मग ते अ‍ॅप काढा आणि पिन बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळायची आशा असते. बँकेलाही तीन कामाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा. कंपनीचा खरा नंबर बिलावर छापलेला असतो, तोच वापरा.